सिनसिनाटीने विकलेला लोहमार्ग

सिनसिनाटी हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं नदीकाठचं शहर. या शहराच्या मालकीचा ३३७ मैलांचा एक लोहमार्ग होता आणि त्यातला जेमतेम तुकडा शहराच्या हद्दीत येत होता. ओहायो नदी ओलांडली की तो केंटकीत शिरायचा आणि डोंगर पार करत टेनेसीतल्या चॅटनूगाला पोचायचा. मार्च २०२४मध्ये शहराने तो नॉरफोक सदर्न या कंपनीला सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५मध्ये, ही खरेदीदार कंपनीच विकत घेण्याचा करार युनियन पॅसिफिकने जाहीर केला. किंमत ८५ अब्ज डॉलर. अमेरिकेतल्या मालवाहू रेल्वेचं पुढे काय होणार, हे समजून घ्यायला या एका मार्गाची कुळकथा पुरेशी आहे.

आपल्याकडे रेल्वे म्हटलं की केंद्र सरकार डोळ्यांपुढे येतं. तिथे मालगाड्यांच्या मोठ्या रेल्वे खासगी कंपन्यांच्या आहेत आणि रूळ, जमीन, इंजिनं, यार्ड सगळं बहुतांशी त्यांचंच. मोठ्या म्हणाव्यात अशा सहाच उरल्या आहेत. पश्चिमेला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेला सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न, शिवाय दोन कॅनडाच्या. त्यांच्यात एका शहराने रेल्वेची मालकी कशी मिळवली?

१८६०च्या दशकात सिनसिनाटीचा दक्षिणेचा व्यापार केंटकीतल्या लुइव्हिल शहराकडे वळू लागला होता, कारण रेल्वे लुइव्हिलला होती. खासगी रेल्वे कंपन्यांत पैसे घालून गावं बुडाल्यामुळे ओहायोच्या १८५१च्या राज्यघटनेने शहरांना अशा कंपन्यांचे भागधारक व्हायला बंदी केली होती. एडवर्ड फर्ग्युसन या वकिलाने त्यातून वाट काढली. कंपनीत भाग घ्यायला बंदी आहे, अख्खी रेल्वे स्वतः बांधायला नाही. १८६९मध्ये तसा कायदा झाला आणि मतदारांनी एक कोटी डॉलरच्या रोख्यांना प्रचंड बहुमताने मान्यता दिली.

या मार्गाचं बांधकाम पाहिलं की त्या शहराची जिद्द कळते. केंटकी नदीची दरी इतकी खोल की खालून परांची उभारणं अवघड. १८७७मध्ये तिथे २७५ फूट उंचीवर पूल झाला. दोन्ही काठांकडून लोखंडी सांगाडा हवेत पुढे पुढे वाढवत नेऊन तो जोडला. १९११मध्ये गाड्या अवजड झाल्या, तेव्हा वाहतूक बंद न करता जुन्या पुलाभोवतीच नवा बांधला. पुढे बोगद्यांची रांग होती, २७ बोगदे. वाफेच्या इंजिनाचा धूर आत कोंडायचा आणि चढावर गाडी रेंगाळली की ड्रायव्हर-फायरमनचा जीव घुसमटायचा. कामगार या मार्गाला ‘उंदराचं बीळ’ म्हणत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डोंगर कापून, वळसे घालून बरेच बोगदे टाळले गेले.

गाड्या शहराने चालवल्या नाहीत. १८८१पासून मार्ग भाड्याने दिला. भाडेकरू आधी एक कंपनी, मग सदर्न रेल्वे, १९८२नंतर नॉरफोक सदर्न. शेवटी वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर येत. करार २०२६अखेर संपत होता. मुदतवाढीचा हक्क कंपनीला होता, घासाघीस भाड्यावर चालली होती. त्यातून विक्रीचा प्रस्ताव निघाला. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच राज्यात ईस्ट पॅलेस्टाइनला नॉरफोक सदर्नची रसायनं नेणारी गाडी घसरली, लोक संतापले. तरी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने विक्रीला होकार दिला. पैसा विश्वस्त निधीत गेला. रस्ते, पूल, बागा यांच्या दुरुस्तीला तो वापरायचा आहे, आणि ही गरज खरी होती.

आता विलीनीकरणाकडे. युनियन पॅसिफिकचं म्हणणं चुकीचं नाही. कॅलिफोर्नियातून अटलांटाला निघालेली वाघीण शिकागो, मेम्फिस अशा ठिकाणी एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवावी लागते आणि यार्डात खोळंबते. ४३ राज्यांत ५० हजार मैल एकाच कंपनीचे झाले, तर तो खोळंबा कमी होईल. पण हीच कंपनी १९९६मध्ये सदर्न पॅसिफिक ही रेल्वे गिळून बसली होती. स्पर्धा टिकावी म्हणून बीएनएसएफला सुमारे चार हजार मैलांवर गाड्या चालवायचे हक्क द्यावे लागले. तरी १९९७मध्ये ह्यूस्टनची यार्डं अशी तुंबली की रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नियामक मंडळाला आणीबाणीचा आदेश काढावा लागला. त्या अनुभवानंतर, २००१मध्ये, मंडळाने नियम कडक केले. मोठ्या विलीनीकरणाने स्पर्धा नुसती टिकून भागणार नाही, ती वाढली पाहिजे. या नियमाची खरी कसोटी आताच लागते आहे. मंजुरी मिळाली तर उरलेल्यांवरही जोडीदार शोधायचा दबाव येईल.

या गदारोळात छोट्या मार्गांचा विचार मागे पडतो आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. १९८०च्या कायद्याने दर आणि व्यवहार मोकळे झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी तोट्यातले फाटे विकले किंवा भाड्याने दिले. आज सहाशेच्या आसपास छोट्या रेल्वे आहेत. धान्याचं कोठार, लाकडाची गिरणी, खताचा कारखाना यांच्या दारापर्यंत त्याच जातात. मात्र विकताना अनेक करारांत अट घातलेली असते की माल मूळ मालकाकडेच सोपवायचा, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे नाही. रूळ विकले, गिऱ्हाईक राखून ठेवलं. भाड्याने दिलेले मार्ग परतही घेतले जातात: मोंटानात १९८७मध्ये भाड्याने दिलेला नऊशे मैलांहून मोठा मार्ग बीएनएसएफने जानेवारी २०२४मध्ये परत घेतला. मंडळाला अटी घालायच्याच असतील, तर माल बांधून ठेवणाऱ्या कलमांपासून सुरुवात करावी.

सिनसिनाटीच्या विक्रीकडेही मी याच नजरेने पाहतो: विकल्यावर हातात काय उरलं? भाव वाईट मिळाला नाही. पण शहर मालक राहिलं असतं, तर भाडेकरू कंपनीच विकली जात असताना करार संपत आला असता आणि भाड्यासाठी तरी तिला शहराशी बोलावंच लागलं असतं. यार्डात काम किती राहील, फाटकांवर गाड्या किती वेळ उभ्या राहतील, हे घरमालक म्हणून विचारता आलं असतं. आता नियामक मंडळापुढे लेखी म्हणणं मांडता येईल, या मार्गावरच्या इतर कुठल्याही गावाला मांडता येतं तसंच.