दुष्काळ दिसतो, मग भावात का नाही?

पाऊस फिरला की शेअर पडतो, हे आपल्याला माहीतच आहे. पण वर्षानुवर्षं वाढत चाललेला दुष्काळ सगळ्यांना दिसत असेल, तर तो आजच्या भावात आधीच उतरायला हवा ना? हाँग, ली आणि शू यांनी २०१९च्या शोधनिबंधात ३१ देशांतल्या खाद्यकंपन्यांचे शेअर तपासले. दुष्काळ मोजायला पामर निर्देशांक. तो काही गुपित नाही! तरीही जिथे दुष्काळाचा कल वाढता, तिथल्या कंपन्यांची नफावाढ पुढे मंदावली आणि शेअरचा परतावाही कमी आला. म्हणजे बाजाराला उशिरा जाग आली, आणि मधल्या काळात चढ्या भावाने घेणाऱ्याचा खिसा कापला गेला. त्यात तुमचा म्युच्युअल फंडही असू शकतो. धोका आधीच भावात धरला असता, तर शेअर स्वस्त मिळाला असता आणि जोखमीचा मोबदला म्हणून परतावा उलट जास्तच दिसायला हवा होता.