शांततेचेही शास्त्र असते!

अलिबाग तालुक्यातील चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप १९३९पर्यंत चालला. शेते ओस पडली, घरोघरी उपासमार झाली. पण कुळे मागे हटली नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनीही या प्रश्नात लक्ष घातले आणि पुढे १९३९च्या कायद्याने कुळांच्या संरक्षणाचा मार्ग खुला झाला. हा तंटा नेमका केव्हा मिटला म्हणायचा? शेतात पुन्हा नांगर चालला तेव्हा, की कुळाचा हक्क कायद्याने मानला तेव्हा?

'शांतता व संघर्ष निराकरण' ही ज्ञानशाखा याच प्रश्नाचा शोध घेते. १९५९ साली ऑस्लो येथे शांतता संशोधन संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेणारे नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी शांततेचे दोन प्रकार सांगितले. प्रत्यक्ष हिंसा थांबणे ही केवळ अभावात्मक शांतता होय. हिंसेला जन्म देणारी विषम व्यवस्था बदलते, तेव्हा भावात्मक शांतता येते.

हा भेद रायगडच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसतो. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. न्हावा-शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र त्याच्या अंमलबजावणीसाठी तीन दशके झगडावे लागले. गोळीबार थांबला, तत्त्व मान्य झाले, तरी असंतोष शमला नाही. समझोता होणे आणि तो पाळला जाणे यांतील हे अंतर कसे कमी करावे, हा या विषयातील कळीचा भाग आहे.

शिक्षण कोठे?

दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाचे केंद्र असून तेथे संघर्षाचे विश्लेषण व शांतता उभारणी या विषयात एम.ए. करता येते. बनारस हिंदू विद्यापीठात मालवीय शांतता संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रात वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात गांधी व शांतता अध्ययनाची सोय आहे. परदेशात स्वीडनचे उप्साला व इंग्लंडचे ब्रॅडफर्ड ही विद्यापीठे या विषयासाठी नावाजलेली आहेत. ब्रॅडफर्डचा शांतता अध्ययन विभाग १९७३पासून कार्यरत आहे. रोटरीच्या शांतता शिष्यवृत्तीतून अशा निवडक विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च भागू शकतो. मात्र त्यासाठी कामाचा पूर्वानुभव लागतो. प्रवेशाचे निकष बदलत असल्याने त्या वर्षीचे माहितीपत्रक अवश्य पाहावे.

पदवी कोणत्याही शाखेची असली तरी बहुधा चालते. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, विधी किंवा समाजकार्य या शाखांचा पाया उपयोगी पडतो. अभ्यासात वाटाघाटी, मध्यस्थी, मानवी हक्क, संशोधन पद्धती आणि क्षेत्रकार्य यांचा समावेश असतो.

संधी आणि वास्तव

संयुक्त राष्ट्रसंघातील नोकरी हे अनेकांचे स्वप्न असते. परंतु तेथील जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. त्याहून जवळची संधी आपल्याकडील कायद्यांनी निर्माण केली आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले, तर २०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. २००७मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा अनुभवही अभ्यासण्याजोगा आहे. स्वयंसेवी संस्था, पुनर्वसनाची कामे, पत्रकारिता आणि संशोधन ही क्षेत्रेही आहेतच. सुरुवातीचे वेतन मात्र फार मोठे नसते, हे ध्यानात ठेवावे.

प्रबंधासाठी विषय शोधत दूर जाण्याचीही गरज नाही. सप्टेंबर २००८मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत प्रस्तावित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे मत मतदानाने अजमावण्यात आले. शेतकऱ्यांचा विरोध तीव्र होता आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. संघर्ष चिघळण्यापूर्वीच लोकांना विचारले तर काय घडते, याचा हा दुर्मीळ दाखला होय. त्याचा अभ्यास करणाऱ्याला गाल्टुंगचे सिद्धांत ठाऊक हवेत, तसाच सातबाराही वाचता यायला हवा. आगरी-कोळी माणसांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत ऐकण्याचा धीर हवा. तो धीर असेल, तर विद्यापीठातून परतलेल्या विद्यार्थ्याला घराजवळच पुष्कळ काम आहे.