ओपनिंगची तारीख चुकली? फ्लेक्स उतरवण्याआधी हे वाचा



दसऱ्याला चार दिवस होते. एका ताईंचा फोन आला. पोळी-भाजी केंद्र सुरू करणार होत्या. पत्रिका वाटून झालेल्या, फ्लेक्स लागलेला, काही जणांनी महिन्याच्या डब्याचा ॲडव्हान्सही दिलेला. आणि कमर्शियल गॅसचं कनेक्शन आलेलं नव्हतं.

"सर, घरचा सिलिंडर लावून उरकून टाकू का? नाहीतर लोकांना तोंड कसं दाखवू?"

हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही समोर येणार आहे. मीटर वेळेत मिळणार नाही, फॅब्रिकेटर पळवत ठेवेल, मशीन ट्रान्सपोर्टमध्ये अडकेल. तेव्हा काय करायचं? आज मी तुम्हाला एका अशा माणसाच्या तीन गोष्टी सांगणार आहे, ज्याचा धंदाच लोकांना तारीख देऊन शो दाखवायचा होता. वॉल्ट डिस्ने. एकदा तयारी नसताना त्याने उघडलं, एकदा दारात आलेल्या पाहुण्यांना "आज नाही" म्हणून सांगितलं, आणि एकदा तर त्याच्या पार्कमधली अख्खी इमारत सहा वर्षं बंद राहिली.

पहिली गोष्ट: तयारी नव्हती, तरी उघडलं

१७ जुलै १९५५, रविवार. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे डिस्नेलँडचं उद्घाटन. जेमतेम वर्षभरात सगळं उभं केलेलं. उद्घाटन टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलेलं, त्यामुळे तारीख हलवणं सोपं नव्हतं.

त्या दिवशी काय काय झालं? कडक ऊन. नवं डांबर इतकं मऊ की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतायच्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे सगळे नळ वेळेत झालेले नव्हते. बनावट पासांमुळे बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले. काही राइड बंद पडल्या.

तरीही पार्क चाललं. पहिल्या दोन महिन्यांच्या आतच दहा लाखांवा पाहुणा दारातून आत गेला.

"बघा सर, म्हणजे जसं असेल तसं उघडायचं!" असं लगेच म्हणू नका. दुसरी गोष्ट ऐका.

दुसरी गोष्ट: पाहुणे बसलेले, आणि शो रद्द

एप्रिल १९६४, न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन. डिस्नेच्या कंपनीने या प्रदर्शनासाठी चार मोठी कामं घेतली होती. त्यातलं एक इलिनॉय राज्याच्या दालनासाठी. अब्राहम लिंकन यांचा माणसाएवढा यांत्रिक पुतळा खुर्चीतून उठणार, उभा राहणार आणि भाषण करणार. आज आपल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण त्या काळी असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

काम उशिरा ठरलेलं आणि हातात थोडेच महिने होते. पुतळा न्यूयॉर्कला पोहोचला, पण नीट वागेना. मध्येच झटके द्यायचा. एकदा बरोबर चालायचा, पुढच्या वेळी बिघडायचा.

२० एप्रिलला निमंत्रितांसाठी खास शो होता. राज्याचे बडे पाहुणे येऊन बसले. पुतळा भरवशाचा होईना. तेव्हा वॉल्ट डिस्ने स्वतः लोकांसमोर आला आणि त्याने सांगितलं की शो आज होणार नाही. २२ तारखेला प्रदर्शन सर्वांसाठी उघडलं, तरी लिंकन बंदच. दुरुस्ती झाली आणि काही दिवसांनी शो सुरू झाला. पुढे तोच शो इतका गाजला की १८ जुलै १९६५ला त्याचा दुसरा पुतळा डिस्नेलँडमध्येही बसवला.

आता नीट विचार करा. तोच माणूस. १९५५ मध्ये अर्धवट तयारीत उघडतो आणि १९६४ मध्ये थांबतो. का?

मी यातून जे शिकलो ते असं. १९५५ला कमी पडलं ते आजूबाजूचं होतं. नळ, डांबर, काही राइड. पण लोक जे बघायला आले होते ते पार्क तिथे होतं. १९६४ला जे बिघडलं होतं तीच मुख्य गोष्ट होती. लिंकन उभा राहून बोलणार, याशिवाय त्या शोमध्ये लोकांनी बघायचं काय?

म्हणून तारीख चुकायची वेळ आली की आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी माझ्या दारात येणार आहे, ती गोष्ट तयार आहे का?

सलूनमध्ये एसी बसला नाही? पंखा लावा आणि उघडा. पण पाण्याचं कनेक्शनच नाही? थांबा. कपड्यांच्या दुकानाचा बोर्ड आला नाही? उघडा. ट्रायल रूम नाही? पडदा लावा, उघडा. क्लासला प्रोजेक्टर नाही, फळ्यावर शिकवता येतं. पण शिकवणारे सरच आले नाहीत, तर पहिली बॅच सुरू करू नका.

यात एक अट घाला. परवाना, वीज, गॅस, आग, अन्नाची स्वच्छता या गोष्टी "आजूबाजूच्या" यादीत कधीच टाकायच्या नाहीत. ताईंना मी फोनवरच सांगितलं की धंद्याला घरगुती सिलिंडर वापरणं कायद्यात बसत नाही. पहिल्याच दिवशी पकडलं गेलं, किंवा देव न करो काही झालं, तर फ्लेक्सवरचं नाव कायमचं जाईल.

तिसरी गोष्ट: बंद दारावरची पाटी

आता ठरलं की थांबायचं. मग लोकांना काय सांगायचं?

डिस्नेलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन' नावाचा भुतांचा वाडा आहे. १९६१ मध्ये पार्कच्या दारात पत्रकं वाटली गेली की हा वाडा १९६३ला उघडणार. १९६३ आलं, वाडा बाहेरून बांधून तयार झाला. आत मात्र काहीच नाही! कारण टीम न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनाच्या कामात गुंतली. म्हणजे एक ऑर्डर घेतली आणि दुसरी रखडली. ओळखीचं वाटतंय ना?

त्यात आत नेमकं काय असावं यावरही एकमत नव्हतं. लोकांनी चालत बघायचं की गाडीत बसून? घाबरवायचं की हसवायचं? डिसेंबर १९६६ मध्ये खुद्द वॉल्ट डिस्नेचं निधन झालं. वाडा बंदच.

पण या काळात त्यांनी एक हुशारी केली. वाड्याबाहेर पाटी लावली. कंपनीतल्या मार्टी स्क्लार यांनी ती लिहिली होती. तिचा आशय असा की निवृत्त भुतांसाठी इथे जागा भाड्याने देणे आहे, इच्छुक भुतांनी आपल्या अनुभवाची माहिती टपालाने पाठवावी, प्रत्यक्ष येऊ नये.

येणारे-जाणारे वाचायचे, हसायचे आणि "आत काय असेल" म्हणत पुढे जायचे. बंद दरवाजा बघून कुणाला "यांचं दिवाळं निघालं वाटतं" असं वाटलं नाही. आणि बघा, आधीच्या पत्रकात साल होतं आणि ते चुकलं. या पाटीवर गंमत होती, वाड्याची ओळख होती, पण नवं साल नव्हतं.

मधल्या काळात कंपनीने एक न थांबता फिरत राहणारी गाड्यांची साखळी तयार केली. १९६७ला ती दुसऱ्या एका राइडमध्ये वापरली आणि मग या वाड्यात बसवली. चालत बघण्यापेक्षा तासाला कितीतरी जास्त लोक आत जाऊ शकले. ९ ऑगस्ट १९६९ला वाडा उघडला. एका आठवड्याने, १६ ऑगस्टला, डिस्नेलँडमध्ये एका दिवसात ८२,५१६ लोक आले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता.

उशीर केला म्हणून गर्दी झाली, असा अर्थ काढू नका. शो चांगला होता म्हणून झाली. आणि हेही लक्षात ठेवा, सहा वर्षं रिकामी इमारत त्यांना परवडली, कारण बाकीचं पार्क रोज कमावत होतं. तुमच्या गाळ्याचं भाडं तुम्हाला दर महिन्याला द्यायचंय. म्हणून बजेट करतानाच दोन महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळे काढून ठेवा. उशीर पचवायची ताकद हवी असेल, तर ती आधीच बाजूला काढावी लागते.

तारीख चुकली तर हे करा

एक, मालकाने स्वतः सांगायचं. मुलाला किंवा कामाच्या पोराला पुढे करायचं नाही. ज्यांनी ॲडव्हान्स दिलाय त्यांना फोन, मेसेज नाही. बाकीच्यांना मेसेज चालेल.

दोन, लोक निघायच्या आत सांगायचं. दारात आल्यावर कळलं तर रिक्षाचं भाडंसुद्धा तुमच्या नावावर लागतं.

तीन, कारण एका वाक्यात. कंत्राटदाराला शिव्या नकोत, रडगाणं नको. गिऱ्हाइकाला आपला धंदा समजून घ्यायचा नसतो, आपला डबा कधी मिळेल ते कळायला हवं असतं.

चार, पैसे परत घ्यायची मोकळीक आपणहून द्यायची. त्याने मागायच्या आधी.

पाच, नवी तारीख घाईने द्यायची नाही. शेवटची अडलेली गोष्ट हातात आली, तीन दिवस ट्रायल घेतली, की मगच तारीख. पहिल्यांदा चुकलं तर लोक समजून घेतात. दुसऱ्यांदा चुकलं की "यांचं असंच असतं" म्हणतात.

मेसेज कसा लिहायचा? हा घ्या नमुना:

"नमस्कार. आपलं पोळी-भाजी केंद्र दसऱ्याला सुरू होणार होतं. गॅस कनेक्शन अजून मिळालेलं नाही, त्यामुळे त्या दिवशी विक्री सुरू करता येणार नाही. तुम्हाला वाट बघावी लागतेय, त्याबद्दल मनापासून माफी. कनेक्शन आलं की तारीख कळवते. तोपर्यंत थांबायचं नसेल तर ॲडव्हान्स लगेच परत देईन, निःसंकोच सांगा."

एवढंच. पाच वाक्यं.

आणि मुहूर्ताचं काय?

ताईंचा खरा अडसर हाच होता. "सर, सासूबाई म्हणतात दसरा सोडायचा नाही." मी म्हटलं, सोडू नका. मुहूर्त पूजेचा असतो, विक्री त्याच दिवशी सुरू व्हायला हवी असं कुठे आहे? दसऱ्याला पूजा करा, आलेल्यांना पेढा आणि चहा द्या, भिंतीवर मेन्यू लावा. विक्री नंतर.

त्यांनी तसंच केलं. दोघांनी ॲडव्हान्स परत घेतला, बाकीचे थांबले. दाराला त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "तवा तयार आहे, पीठ मळायला घेतलंय, गॅसची वाट बघतोय." शेजारचे दुकानदार येता-जाता विचारायचे, "काय ताई, आला का गॅस?" कनेक्शन आलं, तेव्हा त्यांनी तीन दिवस याच शेजाऱ्यांना जेवायला घालून ट्रायल घेतली. भाजीत मीठ कमी पडतंय हे तिथेच कळलं. मग तारीख दिली, आणि ती पाळली.

आता तुमचा गृहपाठ. वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा: ज्याशिवाय मी उघडूच शकत नाही. उजवीकडे: जे नंतर आलं तरी चालेल. डाव्या बाजूच्या प्रत्येक गोष्टीसमोर लिहा, ती माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या. दुसऱ्याच्या हातातली एक जरी गोष्ट बाकी असेल, तर पत्रिका छापायला टाकू नका.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत कामाला लागा!