वेगाला विवेकाची जोड

पंचविशीतील तरुण बचत खाते उघडतो, तेव्हा नामनिर्देशनाच्या रकान्यात बहुधा आईचे किंवा वडिलांचे नाव लिहितो. त्या रकान्याचा उपयोग करण्याची वेळ कधीच येऊ नये, अशीच सर्वांची इच्छा असते. परंतु अपघातात गेलेल्या मुलाचे खाते बंद करण्यासाठी वृद्ध पिता काउंटरसमोर उभा राहतो, तेव्हा नियमांत बसणारा तो व्यवहार निसर्गक्रमाच्या उलट असतो.

सन 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांनी प्राण गमावले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती 18 ते 45 या वयोगटातील होत्या; म्हणजेच घराचे कर्ते हात. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले 50,029 जण मृत्युमुखी पडले.

चंदीगडलगतचे पंजाबमधील खरड हे गाव या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. येथून लुधियाना व रूपनगर या दिशांना महामार्ग फुटतात. मोहाली-चंदीगडला नोकरीनिमित्त जाणारे असंख्य तरुण येथे भाड्याने राहतात आणि दुचाकीवरून रोज ये-जा करतात. हिवाळ्यातील दाट धुके या प्रवासाला अधिकच जोखमीचे करते. पंजाब सरकारने जानेवारी 2024 मध्ये महामार्गांसाठी ‘सडक सुरक्षा फोर्स’ सुरू केले. तथापि मदत पोहोचण्यापूर्वीचा विवेक चालकाच्याच हाती असतो.

हा विवेक रुजवण्याचे काम कार्यालयातील कार्यशाळा उत्तम रीतीने करू शकते. त्यासाठी लांबलचक भाषणांची आवश्यकता नाही. वाहनतळावर खडूने दोन रेषा आखाव्यात. ताशी 40 किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते, तर 60 च्या वेगाने सुमारे 17 मीटर. म्हणजे धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. पुढे वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट होते. ती रेषा स्वतः चालून पाहिलेला तरुण सहसा वाद घालत नाही. त्यानंतर हेल्मेटचा पट्टा, टायर, दिवे आणि विमापत्राची मुदत यांची प्रत्यक्ष तपासणी करावी.

अशा कार्यशाळेला वरिष्ठांनीही बसावे. ‘कुठवर आलात?’ असा दूरध्वनी अनेकदा त्यांचाच असतो आणि चालत्या गाडीवरून तो घेण्याचे धाडस कनिष्ठ करतो. उशीर झाला तरी चालेल, पण गाडीवर फोन घेऊ नये, हे वाक्य साहेबांच्या तोंडून आले म्हणजे त्याला आदेशाचे वजन येते.

जखमीला मदत केल्यास आपण कोर्टकचेरीत अडकू, ही भीतीही दूर केली पाहिजे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या सुधारणेने सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. 112 या क्रमांकावर तत्काळ कळवणे, हे प्रत्येकाला शक्य असलेले पहिले पाऊल होय.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. प्रत्येक पात्र खातेदाराने ते अवश्य घ्यावे. मात्र विमा घराचा आर्थिक भार हलका करतो. सायंकाळी दाराकडे लागलेल्या डोळ्यांना उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर सुखरूप घरी परतणाऱ्या चालकाकडेच असते.