बांधावरची फुले आणि आपल्या मधमाश्या

निपाणीच्या आसमंतात दृष्टी पोचेल तेथवर दोन पिके विशेषेकरून दिसतात : पाण्याखाली ऊस आणि कोरडवाहू रानात तंबाखू. अलीकडे सोयाबीनचीही त्यांत भर पडली आहे. डोळ्यांना हे सारे हिरवेगार भासते. परंतु उसाच्या व तंबाखूच्या शेतात मधमाशीची मात्र उपासमार होते. उसाच्या तुऱ्यात मध नसतो. तंबाखूचे पान भरावे म्हणून शेतकरी कळी दिसताच शेंडा खुडून टाकतो. मग या माश्या जगतात कोठे? बांधावरील करंज, जांभूळ, बोर, चिंच, परसातील शेवगा, तुळस यांच्या फुलांवर. म्हणूनच ऊस आणखी दोन सऱ्या वाढावा या लोभाने आपण बांध कोरून काढतो, तेव्हा त्यांच्या तोंडचा घास हिरावून घेत असतो.

यात नुकसान आपलेही आहे. भोपळा, काकडी, कारले यांची नरफुले व मादीफुले निरनिराळी असतात. एकीचा पराग दुसरीकडे नेणारा कोणी नसेल, तर वेल फुलतो, पण कोवळे फळ पिवळे पडून गळते. वांग्याची गोष्ट तर मोठी नवलाची. त्याचा पराग टोकाशी बारीक छिद्र असलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो. काळा सुतारभुंगा फुलास बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा तो पराग झरझर खाली पडतो. मधमाशीस ही विद्या साधत नाही.

आपल्याकडील मधमाश्यांत झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात लहानसे पोळे बांधणारी फुलोरी आणि उंच फांदीवरची आग्यामाशी या प्रमुख होत. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. परदेशी माश्यांच्या पेट्या आणून मध मिळेल. परंतु देशी माश्यांचे रक्षण त्याने होत नाही, असे आम्हांस वाटते.

आग्यामोहोळ दिसले की टेंभा पेटविण्याची रीत मात्र आपण सोडलीच पाहिजे. ही माशी ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. तिला डिवचले नाही, तर ती बहुधा आपण होऊन निघून जाते. तोवर मुलांनी तेथे दगड मारू नयेत, धूर करू नये, लांबून जावे.

औषध फवारणीच्या बाबतीत थोडे तारतम्य हवे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते, म्हणून तेथे फवारणी अगदी अटळ असेल तर ती सायंकाळी करावी. दोडका आणि दुधी मात्र सायंकाळीच उमलतात, आणि दुधीकडे रात्री पतंग येतात. तेथे सायंकाळची वेळ उपयोगी नाही. फुलोऱ्यात औषध टाळता आले तर सर्वांत उत्तम.

ज्याला शेत नाही त्यालाही काही करता येते. पुष्कळ रानमाश्या एकेकट्या राहतात आणि उघड्या मातीत बीळ करून अंडी घालतात. तेव्हा अंगण सारेच फरशीने झाकू नये. एक कोपरा मातीचा ठेवावा. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नयेत. कुंपणातील वाळका बांबू लगेच चुलीत घालू नये. सुतारभुंग्याचे बिऱ्हाड पुष्कळदा त्यातच असते.