जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी
कळंबा व करवीर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात जुना ट्रॅक्टर घेताना त्याने किती नांगरले यापेक्षा उसाच्या किती ट्रॉल्या ओढल्या, हे आधी विचारावे. जड ओढीने क्लच व गिअरपेटी झिजते. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे बरे. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. नवा रंग काहीच सांगत नाही. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना ३५ बँकेच्या सहीनिशी हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.