लॉकडाऊनचा गर्भारपणावर आणि बाळंतपणावर काय परिणाम झाला?

कोविडचा संसर्ग झालेल्या गर्भवतींमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण जास्त होते, हे आपल्याला माहीत आहे. पण ज्यांना संसर्ग झालाच नाही, त्यांच्यावरही लॉकडाऊनचा परिणाम झाला का? जगभरातील अभ्यास सांगतात की झाला, पण सगळीकडे सारखा नाही.

अपुऱ्या दिवसांची बाळे कमी झाली का?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० मध्ये डेन्मार्क आणि आयर्लंडमधून अशी फार लहान बाळे एकदम कमी झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे २६ देशांतील सुमारे ५ कोटी २० लाख जन्मांचा अभ्यास झाला. त्यात लॉकडाऊनच्या पहिल्या तीन महिन्यांत घट दिसली, पण ती जेमतेम ३ ते ४ टक्के होती. इतर संसर्ग कमी झाले, हवा स्वच्छ झाली, अशी कारणे सुचवली गेली. सिद्ध एकही झालेले नाही. त्यामुळे 'पडून राहिले की दिवस भरतात' असा अर्थ काढू नका. नुसत्या अंथरुणातील विश्रांतीने अकाली प्रसूती टळत नाही.

दुसरी बाजू गंभीर आहे

नेपाळमधील ९ रुग्णालयांत लॉकडाऊनच्या काळात प्रसूतींची संख्या निम्म्याहून कमी झाली. तिथे दर हजार जन्मांमागे मृत जन्मलेली बाळे १४ वरून २१ वर गेली. नवजात बाळांचे मृत्यू हजारी १३ वरून ४० वर पोहोचले. प्रसूतीदरम्यान बाळाचे ठोके तपासण्याचे प्रमाणही घटले होते.

१७ देशांतील ४० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही महासाथीच्या काळात मृतजन्म आणि मातामृत्यू वाढल्याचे दिसले. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण तर कित्येक पटींनी वाढले.

असे का झाले?

वाहन मिळेना, संसर्गाची भीती होती आणि तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. वाढलेला रक्तदाब, पंडुरोग किंवा बाळाची खुंटलेली वाढ बहुतेकदा आईला जाणवत नाही. ती तपासणीतच कळते. फोनवर सल्ला मिळतो, पण पोट तपासता येत नाही.

यातून काय शिकायचे?

साथ असो, पूर असो की संप, गर्भारपणाच्या तपासण्या चुकवू नका. प्रत्यक्ष जाणे अशक्य असेल तर डॉक्टरांना, आशाताईंना किंवा नर्सबाईंना फोन करा आणि रक्तदाब कुठे मोजता येईल ते विचारा. फाइल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत तयार ठेवा. गाडीची सोय आधीच ठरवा. महाराष्ट्रात १०२ आणि १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते.

पुढीलपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालयात जा:

- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज
- झटके येणे
- सुरुवातीच्या महिन्यांत पोटात एका बाजूला जोरात दुखणे किंवा चक्कर येणे
- दिवस भरण्याआधी कळा सुरू होणे

रस्ते बंद असले तरी बाळंतपण थांबत नाही. अशा वेळी घरातल्यांनी 'उद्या बघू' म्हणू नये.